गावात कॉलेज आलं, पण शिकवणार कोण? विद्यापीठांच्या ‘बृहत् आराखड्या’चं गणित नेमकं कुठे अडतं?

जूनचा महिना. बारावीचा निकाल लागलाय, घराघरांत ॲडमिशनची गडबड सुरू आहे. समजा, एका तालुक्याच्या गावापासून पंधरा किलोमीटरवर राहणाऱ्या मुलीला बीएस्सी करायचंय. तालुक्याला कॉलेज आहे, बीएस्सीची मान्यता आहे, जागाही शिल्लक आहेत. कागदावर सगळं जमलंय.

आता प्रत्यक्षात काय होतं बघा. केमिस्ट्रीचे सर तासिका तत्त्वावर आहेत, त्यांची ऑर्डर निघेपर्यंत गणपती येतात. लॅब आहे, पण प्रॅक्टिकल दुपारी आणि गावाकडे जाणारी शेवटची एसटी त्याआधीच सुटते. होस्टेल जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, तालुक्याला नाही. स्कॉलरशिपचे पैसे येतील, पण कधी ते कुणी सांगू शकत नाही. सहा महिन्यांत मुलगी बीएस्सी सोडून बीएला जाते, किंवा घरी बसते.

या गोष्टीत एकही माणूस नियम मोडत नाही. कॉलेजला रीतसर मान्यता आहे, एसटी वेळेवर सुटते, स्कॉलरशिपची फाईल नियमाप्रमाणे पुढे सरकते. पण हे सगळं एका टेबलावर ठेवून कुणी विचारलेलं नाही की ही मुलगी पदवी पूर्ण करू शकेल का?

हा प्रश्न आधीच विचारणं, म्हणजे उच्च शिक्षणातलं ‘एकात्मिक नियोजन’. शब्द जड आहे, पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेज विद्यार्थ्याशी त्याचा संबंध आहे. आणि गंमत म्हणजे महाराष्ट्रात त्यासाठी कायदासुद्धा आहे.

एकात्मिक नियोजन म्हणजे काय?

घरातल्या लग्नाचं उदाहरण घ्या. पत्रिका वाटायचं काम काकांकडे, हॉल बुक करायचं मामांकडे, जेवणाची ऑर्डर मोठ्या भावाकडे. तिघांनीही आपापलं काम चोख केलं. पण एकमेकांना विचारलंच नाही. पत्रिका गेल्या आठशे, हॉल चारशेचा आणि जेवण पाचशेचं. चूक कुणाची? कुणाचीच नाही आणि सगळ्यांचीच.

कॉलेज आणि विद्यापीठांचंही असंच असतं. कोणता कोर्स सुरू करायचा हा शैक्षणिक निर्णय, त्यासाठी किती शिक्षक लागतील हा मनुष्यबळाचा, वर्ग-लॅब-होस्टेल कुठे बांधायचं हा बांधकामाचा आणि पैसे कुठून आणायचे हा आर्थिक निर्णय. हे चार निर्णय चार ठिकाणी, चार वेगळ्या वेळी झाले की घोळ होतो. ते एकमेकांना जोडून घेणं, पाच-दहा वर्षं पुढचं बघून घेणं आणि दरवर्षी तपासून दुरुस्त करणं, एवढाच एकात्मिक नियोजनाचा अर्थ.

अमेरिकेत यावर काम करणारी ‘सोसायटी फॉर कॉलेज अँड युनिव्हर्सिटी प्लॅनिंग’ ही संस्था १९६५ पासून आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे कॉलेजात येणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली, कॅम्पस घाईघाईने उभे राहिले. तेव्हा लक्षात आलं की इमारतींचा आराखडा आणि शिक्षणाचा आराखडा वेगवेगळा करून भागत नाही.

महाराष्ट्राचा कायदा काय सांगतो?

राज्यातली बिगरकृषी सार्वजनिक विद्यापीठं ज्यावर चालतात तो महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ चा. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि त्याने १९९४ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली.

या कायद्याच्या कलम १०७ मध्ये ‘बृहत् आराखडा’ येतो. प्रत्येक विद्यापीठाने दर पाच वर्षांसाठी आपल्या भागातल्या उच्च शिक्षणाचा आराखडा करायचा. कोणत्या भागात कॉलेज नाही, कुठे गरज आहे, कोणते कोर्स हवेत, हे त्यात मांडायचं. सोयींचं वाटप समन्यायी असावं, जिथे सुविधा पोहोचलेल्या नाहीत अशा आणि मागास भागांचा विचार आधी व्हावा, हा त्यामागचा हेतू. या पाच वर्षांच्या आराखड्यातून मग दरवर्षीचा वार्षिक आराखडा निघतो.

आराखडा तयार करायची जबाबदारी अधिष्ठाता मंडळाची, म्हणजे वेगवेगळ्या विद्याशाखांच्या डीनच्या मंडळाची. विद्यापीठातल्या मंजुऱ्या घेऊन तो ‘माहेड’कडे जातो. माहेड म्हणजे महाराष्ट्र राज्य उच्च शिक्षण व विकास आयोग. त्याच्या अध्यक्षस्थानी स्वतः मुख्यमंत्री असतात. म्हणजे राज्यातलं नवं कॉलेज कुठे निघावं, हा विषय थेट मुख्यमंत्र्यांच्या टेबलापर्यंत जातो.

आराखड्यात जिथे कॉलेजची गरज दाखवलेली असते, त्या जागेला सरकारी भाषेत ‘स्थळबिंदू’ म्हणतात. ज्या संस्थेला कॉलेज काढायचंय तिने त्या बिंदूसाठी विद्यापीठाकडे अर्ज करायचा. छाननी होते, विद्यापीठ शिफारशीसह अर्ज सरकारकडे पाठवतं, सरकार आधी इरादापत्र देतं आणि अटी पूर्ण झाल्यावर अंतिम मान्यता. ही प्रक्रिया कलम १०९ मध्ये आहे. विद्यापीठाने शिफारस न केलेल्या अर्जालाही अपवाद म्हणून, लेखी कारणं नोंदवून, इरादापत्र द्यायची मुभा सरकारला आहे. आराखड्याला वळसा घालायची वाट इथेच असते, असा आक्षेप या तरतुदीवर घेतला जातो.

कॉलेजच्या पातळीवरही कायदा गप्प नाही. कलम ९७ नुसार प्रत्येक संलग्न कॉलेजात ‘महाविद्यालय विकास समिती’ हवी. कॉलेजच्या शैक्षणिक, प्रशासकीय आणि पायाभूत सुविधांच्या वाढीचा एकत्रित विकास आराखडा करणं, हे तिचं पहिलं काम. संस्थाचालक, प्राचार्य, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, गावातली चार जाणती माणसं आणि विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधी असे सगळे त्यात बसतात.

म्हणजे ‘एकत्र बसा आणि पुढचं ठरवा’ हे कायद्यात लिहिलेलं आहे. मग अडतं कुठे?

बिंदू ठरतो, पण बाकीचं?

पहिली अडचण इथेच आहे. आराखडा प्रामुख्याने ‘कॉलेज कुठे’ याचं उत्तर देतो. विद्यार्थ्याला लागणाऱ्या बाकीच्या गोष्टी दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात असतात.

अनुदानित कॉलेजात प्राध्यापकाची जागा भरायला उच्च शिक्षण विभागाबरोबर वित्त विभागाचीही परवानगी लागते. इंजिनिअरिंगसारख्या कोर्सच्या जागांना मान्यता देते दिल्लीतली एआयसीटीई, प्रवेश करतो सीईटी सेल आणि खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी ठरवतं शुल्क नियामक प्राधिकरण. होस्टेल आणि निर्वाह भत्त्याच्या योजना सामाजिक न्याय, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण अशा वेगवेगळ्या विभागांत विखुरलेल्या. एसटीचं वेळापत्रक डेपोत ठरतं.

एसटीचंच बघा. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेत जायला एसटीचा मोफत पास मिळतो. बारावी संपली की हा पास थांबतो. पुढे सवलतीचा पास असतो, पण त्याला पैसे मोजावे लागतात. म्हणजे मुलीचं कॉलेज घरापासून लांब जातं नेमकं तेव्हाच प्रवासाचा खर्चही सुरू होतो. मोफत पासची योजना चांगली आहे, कॉलेजचा स्थळबिंदूही बरोबर आहे. दोघांची गाठ मात्र कुणी घालून दिलेली नाही.

शिक्षकांचा अनुशेष

शिक्षकांशिवाय कॉलेजचा आराखडा म्हणजे इंजिनाशिवाय गाडी. महाराष्ट्रात २०१८ मध्ये अनुदानित कॉलेजांतल्या सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागा भरायला सरकारने परवानगी दिली. ही रिक्त जागांपैकी सगळी नाही, तर ४० टक्के होती. त्यातल्या १,४९२ जागा भरल्या आणि कोरोना आला. उरलेल्या २,०८८ जागांना परत हिरवा कंदील मिळायला २०२१ उजाडलं.

या काळात वर्ग थांबले नाहीत. ते चालवले सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांनी. नेट-सेट, पीएचडी झालेली ही मंडळी तासावर पैसे घेतात, दरवर्षी नव्याने नेमली जातात आणि सुट्टीच्या महिन्यांत बिनपगारी असतात. त्यांच्या शिकवण्याबद्दल तक्रार नाही. पण पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ज्याला माहीत नाही, तो पाच वर्षांचा आराखडा कसा करणार? लॅब उभी करणं, नवा कोर्स रुजवणं, विद्यार्थ्याला तीन वर्षं धरून ठेवणं ही कामं कायम माणसाचीच असतात.

दुसरीकडे नव्या कॉलेजांना सरकार अनुदान देत नाही. गेली दोन दशकं नवी मान्यता कायम विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित तत्त्वावर मिळते. म्हणजे पगार, इमारत, लॅब हे सगळं विद्यार्थ्यांच्या फीमधून. आता फी भरू शकणारे विद्यार्थी कुठे असतात? शहरात, हायवेलगत, मोठ्या तालुक्याच्या गावी. कायदा म्हणतो, कॉलेज मागास भागात न्या. पैशाचं गणित म्हणतं, कॉलेज शहरात काढा. आराखड्यात दुर्गम भागाचा बिंदू टाकून हा पेच सुटत नाही, कारण त्या बिंदूमागे पैशाची ओळच नसते.

एका टेबलावरचा निर्णय, दुसऱ्या टेबलावर गोंधळ

निर्णय तुटक झाले की काय होतं, याची दोन उदाहरणं अलीकडचीच आहेत.

पहिलं इंजिनिअरिंगचं. २००० नंतरच्या दशकात देशभर इंजिनिअरिंग कॉलेजं वाढत गेली. नंतर जागा रिकाम्या राहायला लागल्या. एआयसीटीईने नेमलेल्या बी. व्ही. आर. मोहन रेड्डी समितीने २०१८ मध्ये दाखवलं की देशातल्या क्षमतेपैकी जेमतेम निम्मी वापरली जातेय. त्यानंतर २०२०-२१ पासून नव्या कॉलेजांना बंदी आली. ही बंदी २०२३-२४ ला उठली आणि २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांसाठी एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची कमाल मर्यादाही गेली. साहजिकच कॉलेजांचा ओढा कॉम्प्युटरच्या जागा वाढवण्याकडे. पण कॉम्प्युटर शिकवणारे शिक्षक तेवढ्याच वेगाने तयार होतात का? सिव्हिल किंवा मेकॅनिकलच्या वर्कशॉपचं आणि तिथल्या शिक्षकांचं काय करायचं? जागा एका वर्षात वाढतात, चांगला शिक्षक तयार व्हायला दहा वर्षं लागतात.

दुसरं उदाहरण बीबीए, बीसीए आणि बीएमएसचं. हे कोर्स २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. दर्जा सुधारावा हा हेतू. पण बारावीच्या मुलांपर्यंत ही बातमी धड पोहोचलीच नाही. पहिल्याच वर्षी परीक्षा देणारे कमी आणि जागा जास्त अशी स्थिती झाली, जादा सीईटी घ्यावी लागली. काही कॉलेजांनी तर कोर्सचं नावच बदललं, म्हणजे सीईटीची भानगड नको. नियम आला, पण कॉलेजचं वेळापत्रक, विद्यार्थ्यांना माहिती आणि प्रवेशाचं कॅलेंडर त्याला जोडलं गेलं नव्हतं.

चांगल्या निर्णयांनाही हे लागू होतं. जुलै २०२४ मध्ये सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. आधी ही सवलत निम्मी होती. निर्णय मोठा आहे. पण गावातली मुलगी पुण्याला किंवा नाशिकला शिकायला गेली की फीइतकाच खर्च राहण्या-जेवणाचा असतो. मुली वाढणार असतील तर मुलींची होस्टेलं किती वाढवायची, हा प्रश्न त्याच दिवशी, त्याच टेबलावर यायला हवा. शिवाय माफ केलेली फी सरकार कॉलेजला देणार, ती वेळेत आली नाही तर विनाअनुदानित कॉलेजचा पगार अडतो. त्या पगारावर शिक्षक टिकतो आणि शिक्षकावर मुलीचं शिक्षण. सगळं एकमेकांत अडकलेलं आहे.

छोटी कॉलेजं, लांबची विद्यापीठं

केंद्र सरकारच्या २०१८-१९ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात ३९,९३१ कॉलेजं होती. त्यातल्या १६.३ टक्के कॉलेजांत शंभरपेक्षाही कमी विद्यार्थी आणि तीन हजारांहून जास्त विद्यार्थी असलेली कॉलेजं फक्त ४ टक्के. ३४.८ टक्के कॉलेजं तर एकच कोर्स चालवत होती.

शंभर विद्यार्थ्यांच्या कॉलेजात लायब्ररी, लॅब, क्रीडाशिक्षक, सगळ्या विषयांचे प्राध्यापक परवडणं अवघडच. म्हणूनच २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मोठ्या, बहुविद्याशाखीय संस्थांचा आग्रह धरला. पण यात एक मेख आहे. कमी विद्यार्थी म्हणजे गरज नाही, असं नसतं. शिक्षक नाहीत, एसटी नाही, लॅब नाही म्हणूनही विद्यार्थी येत नाहीत. गडचिरोलीतलं किंवा नंदुरबारमधलं एखादं कॉलेज ‘पटसंख्या कमी’ म्हणून बंद केलं किंवा दुसऱ्यात विलीन केलं, तर तिथली मुलं शहरातल्या मोठ्या कॉलेजात जातील असं नाही. त्यातली कितीतरी शिक्षणच सोडतील. मुली तर आधी.

अंतराचा प्रश्न विद्यापीठांनाही आहे. १८५७ ला स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची हद्द पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंत, सात जिल्ह्यांची. चर्चगेटजवळचं कॉलेज आणि सावंतवाडीचं कॉलेज एकाच आराखड्यात. दोघांच्या गरजा एका तक्त्यात कशा बसणार? याउलट २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं झालेलं गोंडवाना विद्यापीठ फक्त चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी आहे. तिथल्या आराखड्याला जंगल, आदिवासी पाडे, पावसाळ्यात तुटणारे रस्ते यांचा विचार जवळून करता येतो. स्थानिक प्रश्न स्थानिक टेबलावर आला तर नियोजन सोपं होतं. अर्थात, त्या टेबलाकडे माणसं आणि निधी असेल तरच.

पुढची परीक्षा: पदवीचं चौथं वर्ष

या सगळ्याची खरी कसोटी लवकरच लागणार आहे. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीची रचना स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठांच्या विभागांत २०२३-२४ ला, तर संलग्न कॉलेजांत २०२४-२५ ला सुरू झाली. म्हणजे संलग्न कॉलेजांतल्या पहिल्या बॅचचं चौथं वर्ष येतं २०२७-२८ ला.

तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायची सोय आहे. ज्याला ऑनर्स करायचंय तो चौथ्या वर्षाला थांबेल. संशोधनासह ऑनर्स करायचं तर यूजीसीच्या चौकटीप्रमाणे पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के गुण लागतात.

आता प्राचार्यांच्या खुर्चीत बसून बघा. किती मुलं थांबतील? दहा की साठ? साठ थांबली तर वर्ग कुठला? आजवर तीन वर्षांच्या हिशोबाने बांधलेल्या इमारतीत चौथा वर्ग कुठे बसणार? संशोधनाला गाइड कोण? सीएचबीवरचे प्राध्यापक गाइड होणार का? कॉलेजात चौथ्या वर्षाची सोयच नसेल तर ज्याला थांबायचंय तो कुठे जाईल आणि तिथे होस्टेल मिळेल का?

एमए, एमएस्सीचे विभागही यातून सुटत नाहीत. चार वर्षांची पदवी घेतलेल्याला एक वर्षाचं पीजी आणि तीन वर्षांची घेतलेल्याला दोन वर्षांचं. म्हणजे एकाच विभागात दोन प्रकारचे विद्यार्थी येणार. वर्ग, शिक्षक, परीक्षा, सगळ्याचं गणित नव्याने मांडावं लागणार.

हे आज ठरवलं तर वर्ग बांधायला, जागा मंजूर करून घ्यायला, शिक्षक नेमायला वेळ आहे. नाही ठरवलं तर २०२७ च्या जूनमध्ये कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सूचना लवकरच कळवण्यात येईल’ असा मेसेज येईल. या मेसेजचा अर्थ विद्यार्थ्यांना वेगळा सांगायची गरज नाही.

मग हे कुणाला जमलंय का?

बाहेरचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कॅलिफोर्नियाचं. तिथे १९६० मध्ये ‘मास्टर प्लॅन’ झाला. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरचे साडेबारा टक्के युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला पात्र, वरचे एक तृतीयांश राज्य कॉलेजांना पात्र आणि कम्युनिटी कॉलेजचे दरवाजे सगळ्यांना उघडे. शिवाय कम्युनिटी कॉलेजमध्ये दोन वर्षं करून मोठ्या विद्यापीठात जायची वाट ठेवली. कोण कुठे शिकेल, कोणती संस्था काय शिकवेल आणि सरकार किती जागा उभ्या करेल, हे एकत्र ठरलं. पुढे सरकारी पैसा आटला तशी तिथेही फी वाढली आणि आराखड्याला तडे गेले. धडा हाच, की पैशाशिवाय उत्तम आराखडाही टिकत नाही.

पण इतकं लांब जायचीही गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केलं. पुढे ‘कमवा आणि शिका’ आलं आणि १९४७ ला साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज. क्रम बघा: आधी राहायची सोय, जेवायची सोय, कामातून पैशाची सोय आणि मग कॉलेज. गरीब मुलगा शिकायचा कुठे थांबतो, हे त्यांना ठाऊक होतं. ‘एकात्मिक नियोजन’ हा शब्द त्यांनी वापरला नसेल, पण केलं तेच.

आराखडा कागदावरच का राहतो?

एक कारण म्हणजे आराखडा बहुतेकदा कुणाला तरी दाखवण्यासाठी होतो. नॅकच्या मूल्यांकनात संस्थेचा ‘स्ट्रॅटेजिक प्लॅन’ आणि त्याची अंमलबजावणी विचारली जाते. यूजीसीने २०२४ मध्ये प्रत्येक संस्थेने ‘संस्थात्मक विकास आराखडा’ कसा करावा याची मार्गदर्शक तत्त्वं दिली. सगळं चांगलंच आहे. पण नॅकची टीम यायच्या आधी भिंतींना रंग लागतो, तसा फाईललाही रंग लागतो. टीम गेली की फाईल कपाटात.

दुसरं कारण, आराखड्याला बजेट जोडलेलं नसतं. विद्यापीठ पाच वर्षांचं बोलतं, सरकारचा पैसा दरवर्षी ठरतो. तिसरं कारण राजकीय. नवं कॉलेज मंजूर करून आणलं की फीत कापता येते, फ्लेक्स लागतो. आधीच्या कॉलेजात दोन शिक्षक वाढवले तर फ्लेक्स लागत नाही. त्यामुळे जोर नव्या बिंदूंवर राहतो.

याची दुसरी बाजूही आहे. काही शिक्षणतज्ज्ञ आणि संस्थाचालकांना हा सगळा आराखड्यांचा प्रकारच परमिटराज वाटतो. कुठे कॉलेज काढायचं हे सरकारने का ठरवावं? ज्याला जमेल तो काढेल, चांगलं असेल ते चालेल, असं त्यांचं म्हणणं. यात तथ्य नाही असं नाही. चुकीचा आराखडा चांगल्या संस्थेलाही अडवतो. पण बाजारावर सोडलं तर कॉलेज जिथे फी आहे तिथेच निघणार, हे इंजिनिअरिंगच्या लाटेने दाखवलंय. आणि कॉलेज बंद पडतं तेव्हा संस्थाचालकाचा पैसा बुडतो, विद्यार्थ्याची वर्षं बुडतात. ती परत मिळत नाहीत.

म्हणून वाद आराखडा हवा की नको, असा नाही. आराखडा काय मोजतो, हा आहे. किती स्थळबिंदू दिले, किती कॉलेजं मंजूर झाली हे मोजणं सोपं. पहिल्या वर्षाला आलेल्या शंभरांपैकी किती जणांनी वेळेत पदवी घेतली, किती गळाले आणि का गळाले, हे मोजलं तर शिक्षक, होस्टेल, एसटी, स्कॉलरशिप हे सगळं आपोआप एका टेबलावर येईल. कारण गळतीचं कारण शोधताना कुणालाच ‘हे माझ्या खात्यात येत नाही’ म्हणता येणार नाही.

विद्यार्थी काय विचारू शकतात?

मुख्यमंत्र्यांच्या टेबलापर्यंत विद्यार्थी पोहोचणार नाहीत, पण कॉलेजच्या टेबलापर्यंत नक्की पोहोचू शकतात. महाविद्यालय विकास समितीने वर्षातून किमान चार वेळा भेटायचं असतं. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव हे तिचे सदस्य असतात. आता विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकांची तरतूद २०१६ च्या कायद्यात असूनही त्या रखडल्या, त्यामुळे ही खुर्ची विद्यार्थ्यांनी निवडून दिलेल्या माणसाला मिळतेच असं नाही. तरी प्रश्न विचारायला खुर्ची लागत नाही.

ॲडमिशन घेताना फीबरोबर आणखी चार गोष्टी विचारता येतील. आपल्या विषयाला कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती? कॉलेजचा विकास आराखडा कुठे बघायला मिळेल? विकास समितीची शेवटची बैठक कधी झाली? आणि चौथ्या वर्षाची सोय इथे असेल का?

उत्तर मिळालं तर कॉलेजने विचार केलाय असं समजा. ‘बघू नंतर’ असं उत्तर आलं, तरी तेही एक उत्तरच आहे. सुरुवातीच्या त्या मुलीला हे प्रश्न जूनमध्येच विचारता आले असते, तर बीएस्सी सोडायची वेळ तिच्यावर कदाचित आली नसती. पण हे प्रश्न तिनेच विचारावेत, अशी वेळ तिच्यावर यायलाच नको. त्यासाठीच तर कायद्यात आराखडा आहे.